साहेब नाहीत

"फोन बंदच आहे ना, बघ जरा," ओमेश्वरभाऊंनी बहिणीला पुन्हा विचारलं.

"बंदच आहे. अन् वाजून नाही राहिला म्हणून तूच तोंड पाडून बसला. काय म्हणावं तुले."

आमदार ओमेश्वरभाऊ परवापासून नॉट रिचेबल होते. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं, सरकार डळमळत होतं आणि उद्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान होतं. अशा वेळी आमदारानं फोन बंद करून गायब व्हायचं असतं. मग पक्ष घाबरतो. वाहिन्यांवर फोटो येतो. गाड्या शोधत येतात आणि गाडीतून उतरलेला माणूस हळू आवाजात विचारतो, "काय पाहिजे?" मागच्या वेळी असा गायब झालेला एक जण राज्यमंत्री होऊन परतला होता. ओमेश्वरभाऊ तीनदा निवडून आले आणि तिन्ही वेळा फोन चालू ठेवून बसले. आता तर त्यांच्याच मतदारसंघात एका तरुण कार्यकर्त्याला पक्षानं "तयारीला लाग" म्हटल्याचं कानावर आलं होतं. आता नाही, तर कधीच नाही.

म्हणून ते नवेगाव बांध या गावी, मोठ्या बहिणीच्या, निर्मलाबाईंच्या घरी लपले होते. ओळख लागू नये म्हणून एसटीनं आले, तोंडाला दुपट्टा बांधून. "सुटे द्या," असं कंडक्टर म्हणाला. तेवढीच काय ती विचारपूस. घाईत जॅकेट मागे राहिलं, केसांचा कलपही राहिला. भाच्याची लुंगी नेसून ते निर्मलाबाईंसोबत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले. डोळे टीव्हीवर.

टीव्हीवर चार गायब आमदारांचे फोटो फिरत होते. भाऊंचा नव्हता. पक्षाचे अध्यक्ष हॉटेलात पत्रकारांना ठामपणे सांगत होते, "हे चौघं सोडले तर आमचे सगळे आमदार माझ्यासोबत इथं बसलेले आहेत." कॅमेरा रांगेवरून फिरला. एका रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी आपली बॅग ठेवली होती.

"ती माझी खुर्ची आहे," भाऊ म्हणाले.

"बॅग चांगली आहे," निर्मलाबाई म्हणाल्या.

भाऊंनी बहिणीच्या फोनवरून आपल्या पीएला, टेकचंदला, फोन लावला.

"पेपरवाल्याले सांगतलं का?"

"सांगतलं भाऊ. तो म्हणते, एकट्याची बातमी होत नाही. गट आणा."

"पोलिसात तक्रार?"

"गेलतो. ठाणेदार म्हणते, शेवटचे कुठं दिसले ते लिहावं लागते. मी चौकात विचारून राहिलो. कोणाले आठवून नाही राहिलं."

भाऊ आवाज खाली आणून म्हणाले, "आपलं गुप्त ठिकाण थोडंसं फोड. पानठेल्यावर सांग, कोणाले सांगू नोका म्हणून."

ती दुपार गेली. संध्याकाळी भाऊ तलावाच्या पाळीवर काळा चष्मा लावून दोन चकरा मारून आले. इतका संशयास्पद माणूस नवेगाव बांधनं पाहिला नसेल. एका मासेवालीनं हाक मारली. भाऊंचे डोळे लकाकले. तिनं विचारलं, "बोटरे मासे पाहिजे का जी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, मतदानाला थोडाच वेळ उरला असताना, फाटकाची कडी वाजली.

"साहेब आहेत का?"

शेंगांचं टोपलं उलटलं. भाऊ दाराआड सरकले. "आले," ते कुजबुजले. "बाई, पहिले नाही म्हण. तशी रीत आहे. मंग ते हात जोडतात."

निर्मलाबाई ओट्यावर गेल्या. "साहेब नाहीत."

"बरं," बाहेरचा आवाज म्हणाला.

मग कसलाच आवाज आला नाही. हात जोडल्याचा तर नाहीच नाही. सायकलचं स्टँड निघाल्याचा आवाज तेवढा आला.

ओमेश्वरभाऊ अनवाणी धावले. हातात शेंगा तशाच होत्या. "थांबा! अहो, थांबा!"

फाटकाबाहेर चैतराम नावाचा एक म्हातारा सायकल वळवत होता. तो थांबला. सायकलच्या हँडलला डब्याची पिशवी होती. मागे नागपूरची गाडी नव्हती, कुठलीच गाडी नव्हती.

"नाही म्हटलं तं लगेच निघाले कायले?" भाऊ जवळजवळ रडत म्हणाले.

"नाहीत म्हटल्यावर काय करता जी? ऑफिसातबी हेच सांगतात. आपली सवय झाली." चैतरामनं सायकल पुन्हा स्टँडवर लावली. "पानठेल्यावर ऐकलं, साहेब इथं आहेत, म्हणून आलतो. हत्तीनं माहं घर पाडलं. त्याच्या भरपाईचं काम होतं. हत्ती दोनदा येऊन गेला, साहेब एकदाबी नाही."

"अहो, मीच साहेब आहे."

चैतरामनं त्यांचे पांढरे केस पाहिले, लुंगी पाहिली, अनवाणी पाय पाहिले. मग समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं. खांबावरच्या फ्लेक्सवर काळ्याभोर केसांचा, जॅकेट घातलेला एक माणूस सगळ्यांना नमस्कार करत होता. चैतरामच्या नजरेत माया दाटून आली. त्यानं भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचंबी बहुत दिवसाचं काम अडकलं दिसते, भाऊ. असं डोक्शाले लावून घेऊ नोका." त्यानं खिशातून तंबाखूची डबी काढून पुढे केली. "तुमाले तो फ्लेक्सवरचा साहेब भेटला, तं मले सांगजा."

ओमेश्वरभाऊंनी चिमूटभर तंबाखू घेतली. आत टीव्हीवर मतदान सुरू झाल्याचं कुणीतरी ओरडून सांगत होतं. ते बराच वेळ फ्लेक्सकडे बघत राहिले.

"अन् तुमाले पहिले भेटला," ते म्हणाले, "तं मले सांगजा."