दुसऱ्या बोर्डाचा नकाशा

चुकीची फाइल तिने मुद्दामच घातली आणि पॅकेज भाच्याकडे तपासायला पाठवून दिलं.

भाचा तिचा नव्हे, साहेबांचा. सगळं ऑफिस त्याला भाचाच म्हणायचं. वशिल्याने चिकटलाय, हे तिने पहिल्याच दिवशी ताडलं होतं.

यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या छोट्या छोट्या एआरएम संगणक-बोर्डांसाठी लिनक्स ही प्रणाली तयार करून देणं हे त्यांचं काम. हे बोर्ड मोठे अबोल. कोणती तार कुठे जोडली आहे, हे ते आपणहून सांगत नाहीत. प्रत्येकाच्या पॅकेजमध्ये त्याच्या त्याच्या नकाशाची फाइल घालावी लागते. दुसऱ्याचा घातला, की बोर्ड लाल दिवा लावून ढिम्म बसतो. पॅकेज बांधायचं तिने. खऱ्या बोर्डावर चालवून बघायचं आणि गिऱ्हाइकाला पाठवायचं भाच्याने.

आधीचा तपासनीस होता तेव्हा भिंतीपलीकडून हाक यायची, "ताई, हे काय पाठवलंत? याचं नेटवर्कच मेलंय!" मग तो खुर्ची ओढत यायचा. दोघं कडाकडा भांडायची आणि भांडता भांडता बिस्किटांचा पुडा संपवायची. भाचा आल्यापासून मात्र एकही पॅकेज परत आलं नव्हतं. संध्याकाळी नुसता एक शब्द यायचा, 'चालतं.'

इतक्या तऱ्हेचे बोर्ड, आणि सगळ्यांवर सगळं चालतं? हा बोर्डाला हात तरी लावतो का? उद्या कुणाची यंत्रं बंद पडली, की इतक्या वर्षांचं तिचं नाव मातीत जाणार.

"पुरावा आणा, त्याच दिवशी काढतो," साहेब म्हणाले होते. "भाचा असला म्हणून काय झालं?"

म्हणून आज एका बोर्डाच्या पॅकेजमध्ये तिने त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या बोर्डाचा नकाशा घातला. रोजच्या जागरणाने डोळे चुरचुरत होते. तरी बाकीची एकेक ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली. बोट ठेवायला त्याला दुसरी जागाच उरायला नको होती.

संध्याकाळी उत्तर आलं, 'चालतं.'

ती साहेबांना घेऊनच पलीकडच्या खोलीत शिरली.

"चालतं म्हणतोस ना? मग लावून दाखव."

"लावलेलाच आहे की," भाचा म्हणाला. मांडणीवरच्या बोर्डाचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"शक्यच नाही. त्यात दुसऱ्याचा नकाशा आहे. मीच घातलाय."

"तो होय? तो मी बदलला."

"बदललास? मग मला परत का नाही पाठवलंस?"

भाचा घुटमळला. "मामा, तुम्ही जरा बाहेर थांबता?"

"काय ते माझ्यासमोर बोल," साहेब म्हणाले.

तो तिच्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुमच्या आई अंथरुणाला खिळल्यापासून रोजच बरंच काही चुकतं. मी नीट करून पुढे पाठवतो. आज एवढी एकच चूक निघाली. मला वाटलं, आईंना आराम पडला."