चोखणीवरचा मध

"बाळाला कधी मध दिलाय का? चाटवून, चोखणीला लावून?" डॉक्टरबाईंनी सासूबाईंना आणि सुनेला विचारलं.

समोरच्या पलंगावर तिचा चार महिन्यांचा मुलगा कापडी बाहुलीसारखा पडला होता. आधी त्याची शी बंद झाली. मग रडणं बारीक होत गेलं. आज सकाळपासून पापण्या वर जाईनात, मान धरवेना, दूध ओढवेना.

मध तिनेच दिला होता. ती बेकरीत कामाला जायची. घरी सासूबाई शिलाई मशीन चालवत नातवाला सांभाळायच्या. त्यांना त्रास नको, पोरगं शांत राहावं, म्हणून तिने बेकरीतला मध चोखणीला लावला. तोही गुपचूप. कारण सासूबाईंचा हुकूम होता, दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही जाता कामा नये. आणि त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. शिवलेला कपडा घट्ट झाला, तर गिऱ्हाईकच म्हणायचं, "माझंच वजन वाढलं असेल."

ती खाली वाकून बाळाचं पांघरूण सारखं करू लागली.

"मी दिला," सासूबाई म्हणाल्या.

सून बघतच राहिली. म्हणजे यांनीही? तिला आधी हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "सांगितलंत ते फार बरं केलंत. मधात कधीकधी असे जंतू असतात, जे वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढतात आणि विष सोडतात. मग अंग लुळं पडतं. तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल. मी थांबत नाही. विषावरचं औषध आत्ताच सुरू करते."

औषध दिलं गेलं. श्वासासाठी बाळाला काही दिवस यंत्रावरही ठेवावं लागलं. हळूहळू पापण्या उघडू लागल्या. आणि एका सकाळी सुई टोचताच पोराने असं भोकाड पसरलं, की नर्ससकट सगळ्या हसत सुटल्या. सुनेने डॉक्टरबाईंचे हात घट्ट धरले. डोळे नुसते वाहत राहिले.

घरी निघताना मात्र तिला राहवेना. "आई, मध मीही दिला होता. सगळा दोष तुमच्या एकट्यांवर आला."

सासूबाई नातवाच्या टोपड्याची नाडी बांधत म्हणाल्या, "मी कशाला देतेय? तुझं तोंड पांढरंफटक पडलेलं दिसलं. तू धीर गोळा करेपर्यंत थांबायला पोराकडे वेळ कुठे होता?"