एक वाक्य

"आईला सांगून आलायस ना?" क्लीट राडमाखर हेल्मेटच्या आत पुटपुटला. आधी जोर 'आईला'वर दिला, मग 'सांगून'वर. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. शेवटी 'ना'वर जोर दिला तर माणूस जास्त भीतिदायक वाटतो, असं त्याच्या लक्षात आलं.

लॉस एंजेलिसजवळच्या एका शाळेचं मैदान चित्रीकरणासाठी भाड्याने घेतलं होतं. चित्रपट अमेरिकन फुटबॉलवरचा, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांना धडका द्यायच्या खेळावरचा, आणि क्लीट एके काळी कॅन्ससच्या कॉलेजसाठी हाच खेळ खेळलेला. तेवढ्यावर तो अभिनेता झाला होता. आजवर त्याने पडद्यावर दारं अडवली होती, दारांतून तो बाहेर फेकला गेला होता, आणि एका चित्रपटात तो अस्वलाच्या आत होता. त्या कामाचं कौतुकही झालं. अस्वलाचं. पण बोलायला आज पहिल्यांदाच मिळत होतं, आणि तेही चेहऱ्यावर कॅमेरा ठेवून.

"काय रे, पैलवान," समोर वाकलेला नायक केड मॉन्ट्रोज म्हणाला, "जपून हं. माझ्या चेहऱ्याचा विमा उतरवलेला आहे."

"मी फक्त बोलणार आहे," क्लीट म्हणाला.

"तेच म्हणतोय. थुंकी उडते."

मैदानाच्या कडेला खुर्चीवर कोच स्ट्राउड बसले होते. खेळ खराखुरा दिसावा म्हणून कंपनीला सल्लागार हवा होता, आणि आपल्या जुन्या कोचचं नाव क्लीटनेच सुचवलं होतं. कोचनी आपल्याला एकदा बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"इतका मोठा देह आणि एक वाक्य?" कोच सकाळी म्हणाले होते. "आमच्याकडे पाण्याच्या बाटल्या वाटणारासुद्धा जास्त बोलायचा."

"सुरुवात आहे, कोच."

"पंचेचाळिशीत?"

बाकी कोच मजेत होते. चाळीस वर्षं शिट्टी फुंकून जे साधलं नव्हतं, ते इथे एका शब्दात साधत होतं. दिग्दर्शिका मिरिअम ओल्डाकर 'कट' म्हणायची आणि सगळं मैदान थांबायचं. दिवे, कॅमेरे, कॉफी ओतणारा माणूससुद्धा. कोचना हा कारभार फार आवडला.

"बाहत्तर नंबर, तयार?" मिरिअमने विचारलं. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं, आणि त्याच्या पाठीवरही फक्त नंबरच होता.

"तयार."

"ॲक्शन!"

क्लीटने बोटं गवतात रोवली, मान वर केली. चेहरा असा झाला होता की केड खरोखरच थोडा मागे सरकला.

"आईला सांगून..."

मागे सरकताना केडचा पाय चुकीचा पडला. असा पाय टाकणाऱ्याला कोच स्ट्राउड मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावत. त्यांना राहवलं नाही. ते खुर्चीतून उठले आणि ज्या आवाजाने कॅन्ससमधल्या गाई वळून बघायच्या, त्या आवाजात ओरडले, "कट!"

सगळं मैदान थांबलं. क्लीट सोडून.

फुटबॉलमध्येही 'कट' म्हणतात. तिथे त्याचा अर्थ, समोरच्याच्या गुडघ्यांवर झेप घे आणि त्याला आडवा कर. हाच शब्द, याच आवाजात, क्लीटने चार वर्षं रोज ऐकला होता. डोकं त्याला थांब म्हणालं असेल, पण देह निघून गेला होता. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मग केडचा आवाज आला आणि तो बराच वेळ येत राहिला.

रुग्णवाहिका गेल्यावर मिरिअम पुढे आली. "कट म्हणजे थांबायचं असतं! इतकी वर्षं इथे काय केलंस तू?"

"मॅडम, कोचनी..."

"कपडे परत कर आणि जा. पुन्हा माझ्या सेटवर दिसू नकोस. कुठल्याच सेटवर दिसणार नाहीस, ते मी बघते."

मग तिने जाऊन नुकतंच टिपलेलं दृश्य पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा बघताना ती खुर्ची ओढून बसली.

"हे ठेवायचं," ती साहाय्यकाला म्हणाली. "असं खोटं खोटं कुणाला जमणार नाही."

"पण वाक्य अर्धंच आहे, मॅडम."

"कुणाकडून तरी म्हणवून घे. हेल्मेटमध्ये कोण ओळखतंय?"

क्लीट चार पावलांवर उभा राहून खांद्यावरच्या पॅडचे बंद सोडत होता. बंद सुटत नव्हते. कोच स्ट्राउड आले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांनी ते बंद सोडवून दिले आणि दिवे उतरवणाऱ्या माणसाला हाक मारून म्हणाले, "पाहिलंत? डोकं वर, खांदा खाली. एकदा सांगितलं, पोरगं निघालं!" मग क्लीटच्या मानेवर थाप मारली. "शाब्बास, पोरा. आज तुला बघितलं."

क्लीटने पॅड उतरवून गवतावर ठेवले आणि सवयीने ताठ उभा राहिला.

"येस, कोच."