साधा आकडा

साठ-बासष्ट सालची गोष्ट. शेजारच्या दीनानाथनं जीपमागं ओढायची चाकांवरची खोली घेतली. मिस्त्री म्हणाला, "जीपला जोडायला डोलणं आवरणाऱ्या दांडीचा आकडा लावा." दीनानाथ म्हणाला, "साधाच लाव."

"उतारावर बोंबलशील, लेका!" मी डिवचलं.

"तूही बस आत. आधी ओरडेल त्यानं भर बाजारात उठाबशा काढायच्या!"

त्याच्या बायकोनं, रजनीवहिनीनं, जीप लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या उताराला घातली आणि मागं आम्हा दोघांसकट खोली हेलकावे खायला लागली. दार उघडलं, खाली दरी. "मेलो, मेलो!" दीनानाथ किंचाळला. मी गप्प.

लोणावळ्याच्या बाजारात त्यानं पैज सांगितली आणि कान धरले. "जिंकलास ना? मग मोज की!" लोक मला म्हणाले.

 

मोजणार कसा? उतारावर त्याच्याआधी मीच ओरडायला तोंड उघडलं होतं. तेव्हा गेलेला आवाज अजून परत आला नव्हता.