दुसऱ्याची ओ

नागभीडच्या प्रफुलनं घरच्या घरी एक भीतीचा खेळ रचला होता. चौघांनी चार पात्रं घ्यायची, जंगलात वाट चुकायची आणि भुताच्या तावडीतून निसटायचं. भूतच, वाघ नाही. कारण खेळणाऱ्यांत रीता होती, आणि तिच्या आईला गेल्या चैत्रात वाघानं नेलं होतं. अडलं होतं ते नियमांपाशी. कोण वाचलं, कोण गेलं, हे फाशांवर ठरवावं की पत्त्यांवर? दोन्ही खेळून झालं, पण कुणी मेलं की बाकीचे खदखदून हसायचे.

"ठेव ते बाजूले," रीता म्हणाली. "सगळे पाठ फिरवून बसा. एकानं नाव घेऊन हाक द्याची. भुतानं ज्याले हात लावला, त्यानं चूप राहाचं. ओ आली नाई, म्हणजे तो गेला."

तिसऱ्या हाकेला ओ आली नाही, तेव्हा प्रफुलच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हे कुठून सुचलं तुले?"

"सुचलं नाई. जंगलात मोहफुलं वेचताना आमच्या बाया अशीच हाक देत राह्यतात."

प्रफुलनं वही ओढून नियम लिहायला घेतला.

"अजून एक लिही," ती म्हणाली. "दुसऱ्याची ओ आपण द्याची नाई."

"असं कोण करते?"

रीतानं फासे मुठीत घट्ट धरले.

"माय म्हणे, पुढच्या झाडाखाली लय फुलं हायेत, जाऊन येतो, माझी ओ तूच देऊन टाकजो. मी चारदा देली."