काल ते आज

आमचा तपकिरी कुत्रा काल संध्याकाळी सटकला. भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात चौकशीला गेले, तर कॉम्प्युटरवरची पोरगी म्हणाली, "काल ते आज शोधलं, आजी. तपकिरी कुत्रा आलाच नाही." मी निघायला वळले.

तेवढ्यात तिनेच जीभ चावली. "शेवटची तारीख आजची टाकली की हा कॉम्प्युटर आजचा दिवस सुरू होतानाच, काल मध्यरात्रीलाच थांबतो. आज आलेले धरतच नाही."

"म्हणजे आजच्या दिवसाला बोलवायचं आणि दारातूनच परत पाठवायचं? वा गं वा!"

तिने उद्याची तारीख टाकली. एक तपकिरी निघाला. पुढे शेरा होता: 'गोंजारलं तर ढिम्म. खेकसलं की शेपूट हलवतो.'

"तुमचाच कशावरून, आजी?"

मी आतल्या दाराकडे वळून खेकसले, "कुठे उलथला होतास रे मेल्या?"

आतून पिंजऱ्यावर शेपटीचे दणादण फटके ऐकू आले.