वरची ओळ गप्प होती

“तिसऱ्यांदा, गंधाली! तिसऱ्यांदा वाट लागलीय.” देवदत्त सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले. “हात चुकतोय तुझा. सोमवारपासून हे काम उत्तरा बघेल.”

अंधेरीच्या त्या लॅबमधलं हे तिचं पहिलं स्वतःचं काम. दोन प्रथिनांचे तुकडे जोडून तिने एक नवं प्रोटीन बनवलं होतं. रक्तातल्या टी-पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. चेतवल्या की भराभर वाढतात, झुंडी करतात. तिचं प्रोटीन त्यांचा ब्रेक दाबणार होतं. पण इथे तर पेशी चेतवूनही, प्रोटीन न घालताच निवांत! उभ्या गाडीचा ब्रेक तपासणार कसा?

रक्त नेहमीप्रमाणे युस्टेसकाकांचं. मनोरीहून बोटीने येणारे काका लॅबमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. रक्त हवं म्हटलं की त्यांची बाही वर, हा तिथला रिवाजच. “माझी शीर म्हणजे आमची खाडी. आंधळ्यालाही सापडेल!” हल्ली तर काका काय मस्त दिसायचे. गाल गोल, टमटमीत. “काकी काय काय खिलवतायत?” गंधालीच रोज चिडवायची.

“सर,” ती म्हणाली, “ही प्लेटमधली वरची ओळ झाली, काकांच्या रक्ताची. खालची बघा ना.”

“खाली काय आहे?”

“उत्तराचं रक्त. बाकी सगळं तेच. हातसुद्धा माझाच.”

सर वाकले. वाकलेलेच राहिले. खाली प्रोटीन नव्हतं तिथे पेशींच्या झुंडीच झुंडी. प्रोटीन होतं तिथे चिडीचूप.

“अगं, चालतंय हे! झकास!”

तिला नाचावंसं वाटलं. मग वरची ओळ आठवली. हात बरोबर, प्रोटीन बरोबर. मग काकांच्या पेशींना कुणी थांबवलं?

काका शेजारीच नळ्या लावत होते.

“काका, औषध कुठलं चालू आहे तुम्हाला?”

“मला? गोळीला हात नाय लावत मी, पोरी.”

“खरंच काहीच नाही?”

“गुडघ्याची पुडी तेवढी. जेटीवर एक जण विकतो. झाडपाला गं! दोन दिवसांत जिने चढायला लागलो.”

असल्या पुड्यांत कधी कधी गुपचूप स्टेरॉइड घातलेलं असतं. ते दुखणं थांबवतं आणि पहारेकऱ्यांनाही झोपवतं. हे तिघांनाही ठाऊक होतं. काकांनासुद्धा, फक्त पुडी विकत घेताना ते आठवलं नव्हतं.

काकांनी खिशातून पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. “बंद करू आजपासून?”

“एकदम नको, काका. स्टेरॉइड असेल तर अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. चला, मी येते.”

तिने त्यांच्या गोल, टमटमीत गालांकडे पाहिलं. इतके दिवस ती त्या स्टेरॉइडच्या सुजेला तब्येत म्हणत होती.